घोड्याच्या टापेखालची जमीन

आषाढी वारीच्या वाटेवरचे रिंगण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सभोवती माणसांचे कडे, मध्ये मोकळी जागा आणि तिच्यातून वाऱ्यासारखा धावणारा अश्व! काही फेऱ्या होतात आणि पालखी पुढे निघते. तेथे जमिनीची परीक्षा थोडाच वेळ असते. पण जेथे रोज सकाळी दहा-बारा घोडे फिरवायचे, मुलांना रपेट शिकवायची, तेथे रिंगणाची जमीन कशी असावी? या प्रश्नाचे उत्तर पुण्याला एक, तर महाबळेश्वरला दुसरेच येते.

प्रथम थोडे गणित करू. मध्यम घोड्याचे वजन सुमारे ४५० किलो. त्याच्या एका खुराचा ठसा अंदाजे ११० चौरस सेंटिमीटर धरा. घोडा चारही पायांवर उभा असताना दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार येतो. भरधाव दौडीत मात्र एखाद्या क्षणी एकच पाय टेकलेला असतो आणि त्यावर वजनाच्या जवळजवळ अडीचपट जोर येतो. भागाकार करून पाहा. उत्तर दहाच्या वर जाईल. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दोनच्या आसपास असतो!

हा जोर जमिनीने पेलला पाहिजे आणि थोडा झेललाही पाहिजे. जमीन फरशीसारखी कठीण असेल तर धक्का थेट सांध्यांत जातो. फार भुसभुशीत असेल तर पाय रुततो आणि तो उपसून काढताना पायामागची कंडरा ताणली जाते. कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती एकदा दुखावली की भरून यायला महिनेच्या महिने लागतात. काही घोडे तर पुन्हा दौडू शकत नाहीत.

मग मऊ वाळू टाकली की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण कोणती वाळू, किती आणि किती ओली? समुद्रकिनारी गेलात तर हा प्रयोग जरूर करा. वरच्या कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत जातो. भरतीच्या रेषेखालच्या ओलसर वाळूवर जेमतेम ठसा उमटतो. आणखी पुढे, पाण्याखाली, पाय पुन्हा रुतू लागतो. वाळू तीच, मग फरक कशाचा? ओलसर वाळूत दोन कणांच्या फटीत पाण्याचा इवलासा पडदा असतो. त्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. वाळू सुकली की पडदे नाहीसे होतात. उलट, सगळ्या फटी पाण्याने भरल्या तरीही ते नाहीसेच होतात. म्हणजे रिंगण बांधणाऱ्याची खरी लढाई वाळूशी नसून पाण्याशी आहे.

कणांचा आकारही महत्त्वाचा. नदीच्या प्रवाहात घासून गोल झालेले कण वाटाण्यासारखे घरंगळतात; कोनदार कण एकमेकांत अडकून बसतात. नदीतून वाळू उपसण्यावर आज निर्बंध आहेत, तेव्हा दगड फोडून केलेली वाळूच बहुधा मिळते. ती धुऊन घ्यावी, नाही तर तिच्यातली दगडाची पूड उन्हाळ्यात धूळ होऊन घोड्याच्या आणि स्वाराच्या फुप्फुसात जाते.

आता खालच्या मातीकडे वळू. देशावरची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. एका शाळेने उन्हाळ्यात अशा जमिनीवर वाळूचा जाड थर अंथरला. मुले खूश होती! दोन पावसांत ती वाळू चिखलाने गिळली आणि सगळा खर्च वाया गेला. काळी माती खरवडून काढल्याशिवाय तिच्यावर काही बांधू नये. तिच्या जागी मुरूम थराथराने घालून, पाणी मारून, रोलरने दाबावा. त्यावर खडी आणि बारीक खडीचा पक्का थर, आणि सर्वांत वर वाळू, सुरुवातीला सहा ते आठ सेंटिमीटरच. कमी पडली तर वाढवता येते. जास्त झालेली वाळू घोड्याच्या कंडरेला भोवते.

पक्क्या थराला उतार हवाच. कवायती घोडेस्वारीचे मोठे मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. त्याला रुंदीच्या बाजूने शंभरात एक उतार द्यायचा तर दोन कडांत किती फरक पडेल? फक्त २० सेंटिमीटर. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर समजतो. पुण्याला वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरहून अधिक. तेथे उतार वाढवून, वरच्या अंगाला खोल चर खणून डोंगराचे पाणी बाहेरच वळवावे लागते. दुष्काळी भागात अडचण नेमकी उलटी: ओल टिकवायची कशी? तेथे संध्याकाळी पाणी मारतात, कारण दुपारी मारलेले उन्हाने उडून जाते. युरोपात काही ठिकाणी वाळूखाली जलाभेद्य पडदा घालून पाणी खालूनच देतात. युक्ती नामी, पण महागडी.

एवढे करूनही रिंगण आपोआप नीट राहत नाही. वळणावर घोडा आत झुकतो आणि खूर वाळूला बाहेर रेटतो. इंग्लंडच्या फिलिप ॲस्टलीने अठराव्या शतकात या झुकण्याचा उपयोग करून सुमारे १३ मीटर व्यासाच्या वर्तुळात कसरती दाखवल्या. पुढे सर्कसचे रिंगण त्याच मापाचे झाले. आपल्याकडे १८८० मध्ये सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे हेही मुळात अश्वविद्येचेच शिक्षक होते. रेटली गेलेली वाळू दंताळ्याने रोज आत ओढून घ्यावी लागते. लीदही लगेच उचलावी. ती कुजून बारीक झाली की वाळूच्या फटी बुजतात आणि पाणी तुंबते.

एखादे रिंगण पाहायला मिळाले तर घोडा गेल्यावर खाली वाकून ठसा पाहा. नालेची कड स्पष्ट उमटली असेल, ठसा उथळ असेल आणि त्याच्या कडा ढासळल्या नसतील, तर त्या दिवशी ओल बरोबर आहे.