विश्लेषण: विश्व जन्मानंतर खरोखर ‘गोठले’ होते का? जालकावरच्या गणिताने दिलेले उत्तर

महास्फोटानंतर सेकंदाचा जेमतेम एक लाखावा भाग उलटला होता. तोपर्यंत विश्वात प्रोटॉनही नव्हते आणि न्यूट्रॉनही नव्हते. होता तो क्वार्क आणि ग्लुऑन यांचा अतितप्त रस. तापमान उतरले आणि या रसातून प्रोटॉन-न्यूट्रॉन तयार झाले. हा बदल नेमका कसा झाला? पाण्याचा बर्फ होतो तसा एका ठरावीक तापमानाला, झटक्यात? की हळूहळू, सीमारेषा न दाखवता? त्या क्षणाचे छायाचित्र कुठेही उपलब्ध नाही. तरीही भौतिकशास्त्रज्ञांनी हा प्रश्न महासंगणकावर सोडवला. त्यासाठी वापरलेल्या पद्धतीचे नाव आहे जालक गेज सिद्धांत.

प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

पाणी उकळते तेव्हा आधी बुडबुडे येतात. वाफ आणि पाणी काही काळ शेजारी शेजारी नांदतात आणि तापमान मात्र वाढत नाही, कारण दिलेली सगळी उष्णता अवस्था बदलण्यातच खर्च होते. शाळेत आपण हिला अप्रकट उष्मा म्हणतो. अशा झटक्याने होणाऱ्या बदलाला ‘पहिल्या श्रेणीचे अवस्थांतर’ म्हणतात.

विश्वातही असेच घडले असते, तर नव्या अवस्थेचे बुडबुडे तयार होऊन वाढले असते, एकमेकांवर आदळले असते. त्यातून गुरुत्वीय लहरी उठल्या असत्या आणि पदार्थ सगळीकडे सारखा न पसरता काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ राहिला असता. १९८४ मध्ये एडवर्ड विटन यांनी तर अशीही शक्यता मांडली की, या धामधुमीत क्वार्क पदार्थाचे गोळे मागे उरले असतील आणि विश्वातील कृष्णद्रव्य म्हणजे तेच असेल. थोडक्यात, अवस्थांतर कोणत्या प्रकारचे होते यावर विश्वाच्या इतिहासातले एक अख्खे प्रकरण अवलंबून होते.

क्वार्क एकटा का सापडत नाही?

क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाला तीव्र बल म्हणतात. ग्लुऑन हे त्याचे वाहक. या बलाचा स्वभाव विचित्र आहे. दोन क्वार्क एकमेकांपासून दूर ओढले तर ओढ कमी होत नाही; ताणलेल्या रबरासारखी ऊर्जा साठत जाते. त्यामुळे एकटा क्वार्क कधीच हाती लागत नाही. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने मिळवली तर ती प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या साधारण एक टक्का भरतात. उरलेले वस्तुमान या बांधणीच्या ऊर्जेतून येते.

पण तापमान खूप वाढवले तर? ‘सर्न’मध्ये काम करणाऱ्या रॉल्फ हागेडॉर्न यांनी १९६५ मध्ये कणांच्या यादीवरून असा निष्कर्ष काढला की, सुमारे १६० एमईव्ही (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ही तापमानाची कमाल मर्यादाच असावी. त्यापुढे ऊर्जा दिली तर नवनवे कण जन्मतील, तापमान वाढणार नाही. १९७५ मध्ये निकोला काबिब्बो आणि जॉर्जो पारिसी यांनी त्याच आकड्याचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते तिथे तापमान संपत नाही, प्रोटॉनसारख्या कणांचे अस्तित्व संपते आणि क्वार्क मोकळे होतात.

जालक म्हणजे काय?

तीव्र बलाची समीकरणे माहीत आहेत, पण या तापमानाजवळ ती कागदावर सुटत नाहीत. बल एवढे मोठे असते की नेहमीची ‘थोडे थोडे करून मोजू’ ही पद्धत कोलमडते. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी यावर तोडगा सुचवला. अवकाश आणि काळ सलग न मानता चौकटीच्या वहीसारखे मानायचे, फक्त दोनऐवजी चार मितींत. रेषा जिथे छेदतात त्या बिंदूंवर क्वार्क आणि बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ग्लुऑनचे क्षेत्र. हेच जालक.

या जालकावर क्षेत्राच्या शक्य असलेल्या मांडण्या मोजता येणार नाहीत इतक्या असतात. म्हणून संगणक सगळ्या मांडण्या तपासत नाही. ज्या मांडण्यांची संभाव्यता जास्त, त्यांचे नमुने जास्त वेळा उचलून सरासरी काढतो. मतदानाचा कल पाहण्यासाठी सर्वांना न विचारता नमुना निवडतात, तसेच हे. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. मायकेल क्रॉइट्झ यांनी १९८० च्या सुमारास ती जालकावर यशस्वीपणे वापरून दाखवली. शेवटी चौकटी बारीक करत नेऊन, चौकट शून्य झाली तर उत्तर काय येईल याचा अंदाज घेतात.

मग संगणकात तापमान कसे वाढवतात?

इथे एक गंमत आहे. पुंज सिद्धांतात तापलेल्या पदार्थाचे गणित आणि काळानुसार बदलाचे गणित जवळजवळ सारखे दिसते. फक्त काळाच्या जागी काल्पनिक संख्येने गुणलेला काळ येतो. त्यामुळे जालकाच्या पेटीची काळाच्या दिशेची लांबी हीच तापमानाचे माप बनते. लांबी जितकी कमी, तापमान तितके जास्त. ज्या तापमानाला प्रोटॉन वितळतात, तिथे ही लांबी सुमारे सव्वा फर्मी भरते. एक फर्मी म्हणजे मीटरच्या एक कोटी कोटीव्या भागाचाही दहावा भाग. म्हणजे ही लांबी प्रोटॉनच्याच आकाराच्या घरातली. हा योगायोग नव्हे. दोन्हींमागे एकच बल आहे.

क्वार्क मोकळे झाले हे कसे ओळखायचे?

पेटीत एकटा क्वार्क ठेवायला किती ऊर्जा लागेल, हे जालकावर मोजता येते. त्यासाठी काळाच्या दिशेने पूर्ण फेरी मारणारी एक राशी वापरतात. तिला पॉल्याकोव्ह फेरा म्हणतात. ऊर्जा अनंत असेल तर या राशीची सरासरी शून्य येते आणि क्वार्क बंदिस्त असतो. सरासरी शून्य नसेल तर तो मोकळा. १९८१ पासूनच्या गणितांत हा बदल संगणकावर स्पष्ट दिसू लागला.

मात्र तेव्हाचे संगणक दुबळे होते. म्हणून सुरुवातीला क्वार्क वगळून फक्त ग्लुऑनचे जग अभ्यासले गेले. तिथेही वाद झालाच. १९८८ मध्ये इटलीतील गटाने स्वतः बांधलेल्या ‘एपीई’ संगणकावर असे संकेत मिळवले की अवस्थांतर झटक्याचे नसावे. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाला उलट उत्तर मिळाले. जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये पेटी क्रमाक्रमाने मोठी करत तपासले, तेव्हा निकाल लागला. निव्वळ ग्लुऑनच्या जगात अवस्थांतर पहिल्या श्रेणीचे असते, पण सौम्य. त्याचे तापमान सुमारे २७० एमईव्ही येते.

पेटी मोठी का करावी लागते?

या संपूर्ण विषयातली कळीची अडचण हीच आहे. गणिताच्या नियमाने खरे, तीक्ष्ण अवस्थांतर केवळ अनंत मोठ्या पदार्थातच होते. छोट्या पेटीत प्रत्येक बदल गुळगुळीतच दिसतो. मग झटका आणि सावकाश बदल यांतला फरक कसा कळणार?

उपाय असा: तापमान बदलताना राशींमधले चढउतार मोजायचे. बदलाच्या जागी त्यांच्या आलेखात एक शिखर येते. पेटीची बाजू दुप्पट केली की घनफळ आठपट होते. शिखरही आठपट उंच झाले तर अवस्थांतर पहिल्या श्रेणीचे. शिखर वाढले, पण त्याहून कमी प्रमाणात, तर दुसऱ्या श्रेणीचे. आणि पेटी कितीही मोठी केली तरी शिखर तेवढेच राहिले, तर ते खरे अवस्थांतरच नव्हे; तो नुसता सावकाश बदल.

खऱ्या विश्वाचे उत्तर काय आले?

खऱ्या विश्वात हलके क्वार्क असतात आणि त्यांच्यामुळे चित्र पालटते. क्वार्कांमधला ‘रबर’ ताणला तर तो तुटतो आणि तुटलेल्या टोकांवर नवा क्वार्क व प्रतिक्वार्क जन्मतो. म्हणजे क्वार्क वेगळा करण्याची ऊर्जा अनंत राहत नाही. बंदिस्त आणि मोकळा यांतली रेष पुसट होऊ शकते. पण ती खरोखर पुसट होते का, हे मोजल्याशिवाय सांगता येत नव्हते.

२००६ मध्ये वुपर्टाल आणि बुडापेस्ट येथील संशोधकांच्या गटाने ‘नेचर’मध्ये उत्तर दिले. त्यांनी क्वार्कांची वस्तुमाने निसर्गातल्याइतकीच ठेवली, वेगवेगळ्या आकाराच्या पेट्या घेतल्या आणि चौकटी बारीक करत नेल्या. पेटी मोठी झाली, पण शिखर वाढले नाही. विश्व ‘गोठले’ नव्हते. हिवाळ्यात थिजलेल्या तुपाची बरणी उन्हात ठेवली की ते कोणत्या क्षणी वितळले हे सांगता येत नाही, तसाच हा बदल होता. (तूप अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असल्याने तसे वागते, इथले कारण वेगळे, पण दिसणारे चित्र सारखे.) त्यामुळे बुडबुडे, त्यांच्या टकरी आणि विटन यांचे गोळे यांचा आधारच नाहीसा झाला.

तापमानाच्या आकड्यावर मात्र आणखी काही वर्षे वाद चालला. २००६ मध्येच एका गटाचा आकडा सुमारे १५१ एमईव्ही होता, तर दुसऱ्याचा १९२. फरकाचे मुख्य कारण चौकटी पुरेशा बारीक नसणे हे होते. त्या बारीक झाल्यावर आकडे जवळ आले. २०१९ मध्ये ‘हॉटक्यूसीडी’ गटाने १५६.५ एमईव्ही हा आकडा दिला आणि त्यातली अनिश्चितता केवळ दीड एमईव्ही होती. हे तापमान सुमारे १.८ लाख कोटी केल्विन भरते. सूर्याच्या गाभ्यापेक्षा एक लाखाहून अधिक पट.

मुंबईचा संबंध काय?

अमेरिकेतील ‘रिक’ आणि ‘सर्न’मधील ‘एलएचसी’ या यंत्रांत जड अणुकेंद्रके एकमेकांवर आदळवून हा रस क्षणभर पुन्हा तयार केला गेला आहे. त्या टकरींत प्रोटॉनांच्या संख्येत होणारे चढउतार आणि जालकावरचे आकडे यांची थेट तुलना २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सौरेंदु गुप्ता आणि तेव्हा कोलकात्यात असलेले बेदांगदास मोहंती होते.

याच संस्थेत राजीव गवई आणि गुप्ता यांनी पुढच्या प्रश्नावरही काम केले. रस केवळ तापवला नाही, तर दाबून दाटही केला तर काय होईल? पाण्याचे उदाहरण इथे उपयोगी पडते. दाब वाढवत नेला की उत्कलनबिंदू वाढतो, हे प्रेशर कुकरमध्ये रोज अनुभवता येते. पण ३७४ अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या सुमारे २१८ पट दाबाला पाणी व वाफ यांतला भेदच संपतो. हा क्रांतिक बिंदू. क्वार्क पदार्थाच्या नकाशावरही असा एक बिंदू असेल, अशी अपेक्षा आहे. त्याच्या एका बाजूला सावकाश बदल, तर दुसऱ्या बाजूला झटक्याचे अवस्थांतर.

तो अजून का सापडला नाही?

कारण दाट पदार्थासाठी मॉन्टे कार्लो पद्धतच अडते. एखाद्या मांडणीची संभाव्यता उणे किंवा काल्पनिक संख्येत आली तर तिचे नमुने उचलणार कसे? गवई, गुप्ता आणि इतरांनी वाट काढली ती अशी: शून्य घनतेला मोजमाप करायचे आणि घनता थोडी थोडी वाढवली तर काय होईल याचा अंदाज मालिकेने बांधायचा. शून्यापासून दूर गेल्यावर मात्र हा अंदाज डळमळीत होतो. अलीकडच्या गणितांनी कमी घनतेच्या भागात क्रांतिक बिंदू असण्याची शक्यता बरीच कमी केली आहे. त्यापलीकडचा प्रदेश, ज्यात न्यूट्रॉन ताऱ्यांचे गाभेही येतात, जालकाच्या आवाक्याबाहेर आहे. विश्वाच्या बालपणाचे उत्तर मिळाले. मेलेल्या ताऱ्यांच्या पोटातले उत्तर अजून बाकी आहे.