स्टेशनपासून दहा मिनिटे

टीओडी, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या आधाराने शहर वसवण्याचे नियम, हा विषय अकोल्यात किंवा अमरावतीत काढला की ठरलेलं उत्तर येतं: "आपल्याकडे मेट्रो कुठं आहे?" या समजाला थोडा आधारही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत टीओडीची तरतूद पुणे-नागपूरसारख्या मेट्रो मार्गांभोवतीच फिरते. पण २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात मोजमाप आहे ते माणसाच्या चालण्याचं. स्थानकापासून पायी दहा-बारा मिनिटांत गाठता येणारा, साधारण ५०० ते ८०० मीटरचा परिसर. अकोला जंक्शनला, बडनेऱ्याला आणि अमरावतीच्या स्टेशनला रोज माणसं येतात-जातात. त्यांच्या पायांना मेट्रोची अट लागू नाही.

दुसरी भीती उंच इमारतींची. पुण्यात मेट्रो स्थानकाजवळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या पटीत मिळणारं बांधकाम, ४ पर्यंत मिळू शकतो, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. मात्र तो सरसकट मिळत नाही. रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचं क्षेत्र पाहून ठरतो. आपल्या शहरांत दाट वस्तीबाहेरचा मूळ एफएसआय १.१ आहे, आणि त्यावरचा प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा एफएसआय) व टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला विकास हक्क) रस्ता जितका रुंद तितका जास्त मिळतो. माझ्या मते वऱ्हाडात मजल्यांपेक्षा तळमजल्याचा नियम जास्त महत्त्वाचा आहे. इमारतीचं दार रस्त्याकडे उघडतं की रस्त्याला नुसती आवारभिंतच लागते? खाली दुकान, वर घर ही आपल्या पेठांची जुनीच रीत, आणि पुरेशा रुंद रस्त्यालगतच्या निवासी भागात आजचे नियमही तिला आडकाठी करत नाहीत. रात्री अकराच्या गाडीने उतरलेल्या बाईला उघडं दुकान आणि वरच्या खिडकीतला उजेड किती धीर देतो, हे वेगळं सांगायला नको.

नकाशावर कंपासने काढलेलं ५०० मीटरचं वर्तुळ म्हणजे चालण्याजोगा परिसर, हा गैरसमज तर अभियंत्यांच्याही कागदांत दिसतो. असं वर्तुळ सुमारे ७८ हेक्टरचं भरतं. पण मधून रूळ जातात. रुळांपलीकडचं घर सरळ रेषेत दोनशे मीटरवर असलं तरी फाटक किंवा उड्डाणपूल गाठून यायला किलोमीटरभर चाल पडते. उड्डाणपूल मोटारीसाठी चढवलेला. सामान घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाने मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, तो कसा चढावा? म्हणून आपल्याकडच्या नियमांत पादचारी पूल, दोन्ही बाजूंनी प्रवेशद्वार आणि सावली या तीन गोष्टी एफएसआयच्या आधी यायला हव्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार फुटपाथ अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंद हवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

"पार्किंग वाढवा, गर्दी सुटेल" असंही म्हणतात. नियमावलीत मोठ्या मोटारीची जागा अडीच बाय पाच मीटर, दुचाकीची एक बाय दोन. क्षेत्रफळाने पाहिलं तर एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकींची जागा आहे. स्टेशनलगतची इतकी मोलाची जमीन दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारींना देण्यापेक्षा सिटी बस आणि शेअर ऑटोच्या थांब्याला देणं मला न्याय्य वाटतं.

ठेलेवाल्यांना हटवणं म्हणजे सुधारणा, हेही खरं नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि विक्री क्षेत्र ठरवून दिलं आहे. चहा-पोह्याच्या ठेल्याला आखलेली जागा मिळाली की फुटपाथही मोकळा राहतो.

"जागा रेल्वेची, महापालिका काय करणार?" असंही विचारलं जातं. अकोला, अमरावती आणि बडनेरा ही तिन्ही स्थानकं रेल्वेच्या स्थानक-पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेत आहेत, आवारातलं काम रेल्वेच करणार. स्टेशनच्या आवाराबाहेर पाऊल टाकलं की मात्र जमिनीचा वापर विकास आराखडा ठरवतो, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याने तो करणं महापालिकेचं काम आहे. आराखडा मंजूर झाला म्हणजे हात बांधले गेले, असंही नाही. कलम ३७ खाली महापालिका किरकोळ फेरबदल सुचवते, राजपत्रात नोटीस काढून नागरिकांच्या हरकती-सूचना मागवते आणि प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला पाठवते. स्टेशनभोवतीच्या एखाद्या रस्त्याला फुटपाथची सलग रेघ आणि तळमजल्यावर दुकानांची मुभा मागणारा अर्ज त्या हरकतींत कोणीही देऊ शकतो.