‘त्याचा आवाजच तसा आहे’ असे म्हणू नका

भीमजयंती जवळ आली की मानकोलीच्या वस्तीत मुलांच्या गाण्यांचा सराव सुरू होतो. त्या दिवसांत आम्ही आरोग्याच्या कामाला गेलो, की एखादी माय लेकराला पुढे करते. “ताई, महिना झाला याचा घसा बसलाय. खडीसाखर दिली, हळदीचं दूध दिलं.” लगेच शेजारीण म्हणते, “अगं, त्याचा आवाजच तसा आहे!” मायबहिणींनो, इथेच चूक होते.

गळ्यावर दोन बोटे ठेवा आणि ‘आ’ म्हणा. थरथर जाणवते ना? ती स्वरतंतूंची. स्वरयंत्रातले हे दोन तंतू फुप्फुसातून येणाऱ्या हवेने उघडतात आणि पुन्हा एकमेकांवर मिटतात. त्यातून आवाज तयार होतो. पुरुषाचे स्वरतंतू सुमारे २० मिलिमीटर लांब असतात, स्त्रीचे सुमारे १५ आणि मुलांचे त्याहून आखूड. एकतारीची तार आखूड केली की सूर चढतो, तसेच इथे होते. पुरुषाचे तंतू सेकंदाला १०० ते १३० वेळा कंप पावतात, स्त्रीचे २०० च्या आसपास, तर शाळकरी मुलाचे २५० ते ३०० वेळा.

हिशेब करून पाहा. सेकंदाला २५० वेळा म्हणजे सलग एक तास आवाज काढला तर ९ लाख वेळा तंतू एकमेकांवर आपटतात!

दुसरा फरक आतल्या बांधणीचा. मोठ्या माणसाचा स्वरतंतू गोधडीसारखा थराथरांचा असतो. वरचा मऊ थर आतल्या घट्ट थरावर लाटेसारखा हलतो. तान्ह्या बाळात असे वेगळे थर नसतात. ते वयाबरोबर हळूहळू तयार होतात आणि वयात येईपर्यंत हे काम चालू राहते. शिवाय मुलांची फुप्फुसे लहान. मोठ्याने बोलायला त्यांना हवेचा जास्त जोर लावावा लागतो.

आता आपली वस्ती पाहा. हायवेवरचे ट्रक, गोदामांतली ये-जा, भिवंडीत लूमचा खडखडाट, घरात टीव्ही. या गोंगाटात मूल ओरडूनच बोलते. रोज असे झाले की हातावर घट्टे पडतात तशा स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात. गाठ म्हटले की घाबरू नका, हा कॅन्सर नव्हे. बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही. आवाज नीट वापरायला शिकवणाऱ्या वाणी-उपचाराने फरक पडतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा व श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

घरी काय करायचे? लांबून हाक मारू नका, जवळ जाऊन बोला. पाणी वरचेवर द्या. सतत खाकरण्याची सवय मोडा. सरावात मुलांना मोठ्यांच्या पट्टीत गायला लावू नका. माईक असेल तर तो मुलांच्या हातात द्या. मूल नेहमीच मोठ्याने बोलत असेल तर कानही तपासून घ्या.

बारा ते पंधराच्या वयात मुलाचा आवाज फुटतो. स्वरतंतू झपाट्याने वाढतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. हा आजार नव्हे. त्याला हसू नका, गाण्यातून काढू नका.

मात्र तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना आवाज येत असेल, धाप लागत असेल किंवा गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरातल्या मोठ्यांनो, बिडी, तंबाखू, मिश्री, गुटखा घेत असाल आणि तुमचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर तपासणी अजिबात टाळू नका. मोठ्यांत तो कॅन्सरही असू शकतो.

आपल्या लेकरांनी उद्या सभेत उभे राहून बोलावे असे आपल्याला वाटते. मग त्यांचा गळा आजच जपूया.

जय भीम!