सेलीची पत्रे आणि नागसेनवनातले वाचक

अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतातील खेड्यात वाढणारी चौदा वर्षांची सेली देवाला पत्रे लिहिते. घडल्या प्रकाराची वाच्यता देवाखेरीज कुणाकडे करायची नाही, अशी ताकीद तिला घरातूनच मिळालेली असते. ज्याला ती बाप समजते, त्याच्याच अत्याचारातून झालेली दोन मुले तिच्यापासून काढून घेतली जातात. पुढे एका विधुराशी तिचे लग्न लावून दिले जाते, तेही सोबत एक गाय देऊन. अ‍ॅलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ ही कादंबरी १९८२ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीसाठी हा सन्मान मिळवणाऱ्या वॉकर या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत.

या कादंबरीचे खरे बळ कथानकापेक्षा पत्रांच्या रूपात आहे. सेलीची इंग्रजी अशुद्ध, बोलीतली, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलीची आहे. तिच्या वतीने बोलणारा, तिची कीव करणारा सुशिक्षित निवेदक येथे नाही. टोनी मॉरिसन यांच्या १९७० सालच्या ‘द ब्लूएस्ट आय’मधील पेकोला अशीच अत्याचारित मुलगी, पण तिची कहाणी प्रामुख्याने इतरच सांगतात आणि अखेरीस ती वेडी होते. सेली मात्र लिहिता लिहिता शहाणी होत जाते, नवऱ्याला तोंडावर सुनावते, शिवणकामावर स्वतःच्या पायांवर उभी राहते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच्या नागसेनवन परिसरात दलित साहित्याची चर्चा आकाराला आली. अमेरिकेत शिकून परतलेल्या म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे तरुण लेखकांचे लक्ष वेधले; गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने या लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले.

मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ही देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा मॉरिसन आणि वॉकर यांची पहिली कादंबरीही प्रसिद्ध व्हायची होती. झोरा नील हर्स्टन यांनी १९३७ सालीच कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्वत्वाच्या शोधावर कादंबरी लिहिली होती; पण त्या खुद्द अमेरिकेतच विस्मृतीत गेल्या होत्या. त्यांच्या बेवारस कबरीवर १९७३ मध्ये दगड बसवला तो वॉकर यांनीच. तेव्हा जगभर गाजत होती ती रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन यांची नावे. शोषिताचा आवाज म्हणजे पुरुषाचा आवाज, हे गृहीतक दोन्हीकडे काही काळ टिकले, त्यात नवल नाही.

वास्तविक आपल्याकडे आरंभ फार जुना आहे. पुण्यातील फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यानंतर मात्र दीर्घ शांतता! कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये आले, तर शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ व बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके १९८६ मध्ये.

यांपैकी बेबी कांबळे यांची हकिगत सेलीच्या सर्वात जवळची. फलटणला किराणा दुकान चालवताना त्या पुडीच्या रद्दी कागदांवरचा मजकूर वाचत आणि लपूनछपून लिहीत. घरच्यांच्या, विशेषतः नवऱ्याच्या धाकाने हे लेखन वीसेक वर्षे दडवून ठेवलेले होते. फलटणला स्थायिक झालेल्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले आणि आधी ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले. सवर्णांच्या अन्यायाबरोबरच, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात खोडा अडकवणारे आपलेच सासरही त्यांनी दाखवले. वॉकर यांच्यावर, विशेषतः १९८५ च्या चित्रपटानंतर, कृष्णवर्णीय पुरुषांची बदनामी केल्याचा आरोप झाला होता. घरातील हिंसेबद्दल बोलणाऱ्या दलित लेखिकांनाही ‘हे चारचौघांत कशाला?’ हा प्रश्न चुकला नाही.

येथेच कथेचे महत्त्व कळते. आत्मकथनात नवरा, सासू, गाव ओळखू येते. कथेत तेच दुःख दुसऱ्या नावाने मांडता येते. उर्मिला पवार यांनी ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) या कथासंग्रहांतून ही मोकळीक घेतली. ‘आयदान’ हे आत्मकथन त्यानंतर, २००३ मध्ये आले. तरीही दलित स्त्रीकडून वाचकाने ‘खरी हकिगत’ जितकी मागितली, तितकी तिची कल्पनाशक्ती मागितली नाही, असेच म्हणावे लागेल.

वानखेड्यांच्या काळात पुस्तके अमेरिकेतून औरंगाबादेत येत होती. २००८ साली ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ ही दोन्ही पुस्तके माया पंडित यांच्या अनुवादातून इंग्रजीत गेली आणि सेलीच्या देशातील वाचकालाही ती वाचता येऊ लागली.