कळ इथली, दार तिथलं

‘डूम’मध्ये कळ दाबली की समोरचं दार उघडतं, फार तर पाठीमागच्या दालनातून चार राक्षस अंगावर येतात. जे व्हायचं ते तिथल्या तिथे होतं. ‘हेक्सन’मध्ये कळ दाबली की पडद्यावर एक ओळ उमटते: कोड्याचा अमुक एक भाग सुटला. आणि तो सुटतो बहुधा दुसऱ्याच कुठल्या लेव्हलवर. मग तिकडे परत जायचं, भुयारापासून सज्ज्यापर्यंत सगळं पुन्हा पालथं घालायचं आणि काय बदललंय ते हुडकायचं. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी बाजारात आलेल्या या गेमने तीस वर्षं शिव्या खाल्ल्या त्या मुख्यतः यासाठी. माझं मत असं की आज तो पुन्हा काढून खेळावासा वाटतो, तोही यासाठीच.

गेम बनवला रेव्हन सॉफ्टवेअरने. ब्रायन आणि स्टीव्ह रॅफेल या भावांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ही कंपनी काढली. टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये जन्मला तोही याच राज्यातल्या लेक जिनेव्हा गावात, आणि रॅफेल बंधू त्यात मुरलेले. त्यांचा पहिला गेम ‘ब्लॅक क्रिप्ट’ १९९२ मध्ये अमिगा संगणकासाठी आला. तो सरळसरळ त्याच घराण्यातला होता: तळघरं, भुतं, चौघांची टोळी.

त्याआधीच्या हिवाळ्यात एक योग जुळून आला. पुढे ‘डूम’ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरच्या तरुणांनी काही महिने विस्कॉन्सिनमधल्याच मॅडिसन शहरात बिऱ्हाड थाटलं होतं. थंडीला वैतागून ते टेक्सासला पळाले, पण तोवर रेव्हनशी गट्टी जमली होती. इडच्या जॉन कार्मॅकने लिहिलेल्या इंजिनावर रेव्हनने १९९३ मध्ये ‘शॅडोकास्टर’ केला, १९९४ च्या डिसेंबरात ‘डूम’च्या इंजिनावर ‘हेरेटिक’ आणला आणि वर्षाच्या आत ‘हेक्सन’. ‘हेरेटिक’ आणि ‘हेक्सन’ या दोन्हींचा निर्माता होता इडचा जॉन रोमेरो. ‘हेरेटिक’ म्हणजे जादूटोण्याच्या वेशातला ‘डूम’च. ‘हेक्सन’मध्ये मात्र रॅफेल मंडळींच्या मनातलं तळघर इडच्या बंदुकबाज इंजिनात उतरलं, आणि ते इंजिन या कामासाठी घडवलेलंच नव्हतं.

‘डूम’चं इंजिन जगाकडे वास्तुविशारदाच्या आराखड्यासारखं, वरून बघतं. जमिनीवर रेषा आखलेल्या असतात, त्या रेषांनी घेरलेल्या तुकड्याला जमिनीची आणि छताची उंची दिलेली असते. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली येऊच शकत नाही. कुठून काय दिसणार याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असल्यामुळे भिंती जागच्या हलत नाहीत. वर-खाली होऊ शकतात त्या फक्त जमिनी आणि छतं. म्हणूनच ‘डूम’मधलं दार हे खरं म्हणजे दार नसतंच. तो छताचा एक अरुंद तुकडा असतो, कळ दाबली की वर उचलला जाणारा. अवकाशतळावर ते खपून जातं. पण मठाचा दरवाजा असा वर सरकला तर हसू येईल.

रेव्हनने यावर जुगाड काढला. दाराच्या रेषा नकाशाच्या एका कोपऱ्यात, खेळाडू कधीच पोचणार नाही अशा जागी वेगळ्या आखायच्या आणि लेव्हल सुरू होताना उचलून जागेवर बसवायच्या. हे सुटे तुकडे बिजागरीवर फिरू शकतात, बाजूला सरकू शकतात. ‘हेक्सन’च्या पहिल्याच लेव्हलवर, विनोइंग हॉलमध्ये, दाराची फळी कुरकुरत आत उघडते तेव्हा आज कुणाला त्यात विशेष वाटणार नाही. त्या इंजिनाच्या हिशेबात मात्र ती करामत होती.

दुसरी गोष्ट याहून मोठी. लेव्हल बनवणाऱ्याच्या हाती रेव्हनने एक छोटी आज्ञावली भाषा दिली, तिचं नाव एसीएस. ‘डूम’मध्ये एका रेषेला एक ठरलेलं काम चिकटवता येई: ही ओलांडली की ते दार उघड. इथे अख्खी संहिता लिहिता येऊ लागली. तीन कळा दाबल्या गेल्यात का ते बघ, असतील तर ३५ टिक थांब (म्हणजे एक सेकंद), मग जमीन हादरव, मग खांब खाली ने, मग दोन डोक्यांचे एटिन बाहेर सोड. धुकं, विजांचा लखलखाट, खचणारे पूल, भूकंप हे सगळं यातूनच आलं. आणि ज्या कोड्यांवरून लोक चिडले, तीही यातूनच आली. नवं हत्यार हाती आलं की कारागीर ते गरजेपेक्षा थोडं जास्तच चालवतो, तसं झालं.

या सगळ्याला आधार दिला तो हबच्या रचनेने. एका मध्यवर्ती लेव्हलवरून चार-पाच लेव्हलींना वाटा फुटतात, जाता येतं, परत येता येतं, आणि सोडून गेलेली जागा गेम लक्षात ठेवतो. फोडलेली रंगीत काच फुटलेलीच राहते, मारलेल्या सेंटॉरचं प्रेत पडलेलं राहतं. त्याआधीच्या बहुतेक बंदूकगेममध्ये लेव्हल संपली की तिच्याशी नातं संपलं. इथे ‘सेव्हन पोर्टल्स’ या पहिल्या हबच्या चौकात आपण इतक्यांदा येतो की तो ओळखीचा होतो.

शॅडो वूड या हबची गोष्ट वेगळी. दलदल, वठलेली झाडं, गुहा, त्यातून डार्कमियर, वेस्टलँड्स, सेक्रेड ग्रोव्ह अशा वाटा. इथे खेळाडूला अक्षरशः चकवा लागतो. रात्री रानात एकाच झाडापाशी फिरून फिरून येणाऱ्या माणसाची आपल्याकडे जी गत सांगतात, तीच. गेम अडवत नाही, मारतही नाही, नुसता फिरवत ठेवतो. तेवढ्यात दूरवरून कोरॅक्सचा, म्हणजे शेवटच्या खलनायकाचा, खर्जातला आवाज डिवचून जातो. केव्हिन शिल्डरचं संगीत पाठीमागे संथ चालू असतं, त्यात ‘डूम’ची मारधाड नाही. आज पुन्हा खेळताना मला हे भटकणंच आवडलं. विशीत मात्र याच जागी मी किबोर्ड आपटला होता.

गेम बनवणाऱ्यांनाही आपण काय करून ठेवलंय याची कल्पना असावी. चीट कोडांच्या यादीत ‘शेरलॉक’ असा एक कोड आहे. तो टाकला की कोड्यासाठी लागणाऱ्या सगळ्या वस्तू झोळीत येतात. ‘लॉकस्मिथ’ टाकला की सगळ्या किल्ल्या. या वस्तूही मजेशीर: घड्याळाची दातेरी चाकं, रत्नांचे ग्रह, अग्नीचा मुखवटा आणि चक्क योरिकची कवटी, ‘हॅम्लेट’मधून उचललेली. (आधीच्या ‘हेरेटिक’मध्ये तर ‘डूम’चा अमरत्वाचा कोड टाकणारा जागीच मरत असे. ही विनोदबुद्धी मला फार आवडते.)

आपल्याकडे हा गेम बहुतेकांना भेटला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आणलेल्या, एकीत अनेक गेम कोंबलेल्या सीडीवर. सोबत माहितीपुस्तिका नाही, घरी इंटरनेट नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकांचा ‘हेक्सन’ सेव्हन पोर्टल्समध्येच संपला आणि पुढे काय होतं ते त्यांना आजही ठाऊक नाही.

आता भूमिकेबद्दल. ‘हेक्सन’ला सर्रास आरपीजीच्या, म्हणजे भूमिका वठवण्याच्या गेमच्या, पंगतीत बसवतात, पण त्यात अनुभवाचे गुण नाहीत, पात्राची पातळी वाढत नाही, कुणाशी संवाद नाही. झोळीतल्या वस्तू सोडल्या तर भूमिका म्हणावी अशी गोष्ट एकच: सुरुवातीला तिघांतला एक निवडायचा. फायटर बॅराटस, क्लेरिक पॅरियास, मेज डेडोलॉन. हा पर्याय वरवरचा वाटतो, पण तो खोलवर जातो. बॅराटस सर्वांत वेगवान आणि चिवट, पण त्याच्या हाती आधी नुसत्या मुठी, मग कुऱ्हाड. म्हणजे प्रत्येक शत्रूच्या अंगाला भिडावं लागतं. डेडोलॉन संथ आणि नाजूक, पण त्याची नीलमण्याची कांडी कधी रिकामी होत नाही, म्हणून तो दुरूनच लढतो. त्याचे बर्फाचे तुकडे शत्रूला गोठवतात आणि गोठलेला पुतळा फुटून विखुरतो. पॅरियास मधला. त्याचा सर्पदंड शत्रूचा जीव शोषून त्याला देतो.

तपशिलात तर फारच मजा. तीच विषाची कुपी फायटर बॉम्बसारखी फेकतो, क्लेरिकच्या हातून तिचा विषारी ढग होतो, मेज ती जमिनीवर ठेवून निघून जातो आणि ती थोड्या वेळाने फुटते. एकच चिलखत तिघांना वेगवेगळं संरक्षण देतं. चौथं, सर्वांत मोठं शस्त्र तीन तुकड्यांत सापडतं आणि ज्याचं त्यालाच वापरता येतं. तोच दालनखंड फायटरला धक्काबुक्कीचा, तर मेजला नेमबाजीचा वाटतो. आणि शेवटाकडे, नेक्रोपोलिसच्या थडग्यांत, तिन्ही पंथांचे बाटलेले प्रमुख झेडेक, ट्रॅडक्टस आणि मेनेलकिर समोर येतात ते याच तिघांची शस्त्रं घेऊन. म्हणजे इतके तास आपण जे वार करत आलो, त्यातलेच आता आपल्यावर होतात.

उणिवा ढळढळीत आहेत. एटिन इतके येतात की दोन डोक्यांचं कौतुक पहिल्या तासातच संपतं. शस्त्रं चारच, त्यामुळे ‘डूम’सारखी हाताला चटक लागत नाही. काही कळा तर भिंतीच्या रंगात इतक्या बेमालूम मिसळलेल्या की त्याला कोडं म्हणणं हा कोड्यांचा अपमान. १९९६ च्या जूनमध्ये खऱ्या त्रिमितीचा ‘क्वेक’ आला आणि ‘हेक्सन’ वर्षभराच्या आतच जुनाट दिसू लागला.

पुढची कथा कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची. १९९७ मध्ये ॲक्टिव्हिजनने रेव्हन घेतली. त्याच वर्षी ‘क्वेक’च्या इंजिनावर ‘हेक्सन टू’ आला. त्यात अनुभवाचे गुण आणि वाढत्या पातळ्या होत्या, म्हणजे तो कागदोपत्री अधिक आरपीजी, पण मला तो पहिल्याइतका झपाटून टाकत नाही. रेव्हन पुढे ‘स्टार वॉर्स’चे गेम करत ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या कारखान्यात स्थिरावली. इड झेनिमॅक्सकडे गेली. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये झेनिमॅक्स आणि २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन घेतल्यावर ताटातूट झालेलं हे घराणं एका छपराखाली आलं. ‘हेक्सन’चा मूळ कोड १९९९ मध्येच खुला झाला होता, आणि एसीएस भाषा तर हौशी मंडळींनी ‘डूम’च्या इंजिनाच्या झेडडूम या सुधारित आवृत्तीत घेऊन इतकी वाढवली की ‘डूम’चे मॅप करणारे आजही ती लिहितात.

ऑगस्ट २०२५ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजने ‘हेरेटिक’ आणि ‘हेक्सन’ एकत्र, नव्या यंत्रांसाठी पुन्हा बाहेर काढले. सोबत ‘हेक्सन’साठी ‘व्हेस्टिजेस ऑफ ग्रँजर’ हा नवा भाग आहे, अँड्र्यू हलशल्टने नव्याने वाजवलेलं संगीत आहे, आणि वाट चुकणाऱ्यांची सोय म्हणून काही सुधारणाही. त्या वापरण्यात कमीपणा नाही. निदान पहिल्या हबपुरत्या तरी वापराव्यात, नाहीतर सेव्हन पोर्टल्समध्ये अडकलेल्यांत आणखी एकाची भर पडेल.

पहिल्यांदा खेळणाऱ्याने क्लेरिक घ्यावा. सर्पदंड जिवाची काळजी घेतो आणि शेवटचं शस्त्र, रेथव्हर्ज, भुतं सोडतं ती शत्रूला आपणहून शोधत जातात. मेज दुसऱ्या खेपेला. शेजारी एक वही ठेवावी, प्रत्येक संदेश उमटला की लेव्हलचं नाव लगेच टिपावं, आणि शॅडो वूडला शनिवारी सकाळी बसावं, रविवारी रात्री नाही.