जुनी पिकअप: पाटे, पंप आणि नावावरचा कागद

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू होण्याआधीच आवारात वाहनांच्या रांगा लागलेल्या असतात. एकीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दुसरीकडे पिकअप. ट्रॅक्टर बहुतेक वेळा घरचा किंवा भावकीतला. पिकअप मात्र बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आलेली, आणि ती घेण्यासाठी कुणीतरी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, नाहीतर घरातलं सोनं गहाण टाकलेलं असतं. म्हणून जुनी पिकअप नीट पाहून घेणं हा ग्रामीण महाराष्ट्रात एका अख्ख्या घराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. तिच्याविषयी मोटारींच्या पुरवण्यांत फारसं काही छापून येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गावाकडे नुसतं पिकअप म्हटलं की महिंद्राची बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर येते. 2005 मध्ये टाटांचा ‘छोटा हत्ती’ आला आणि 702 सीसीच्या दोन सिलिंडरी इंजिनावर त्याने शहरांच्या गल्ल्या जिंकल्या. पण माल भरून कसारा घाट उतरायचा, परतीला तोच घाट चढायचा, तर लोक पिकअपच घेतात. याचं कारण तिच्या जुन्या डीआय इंजिनात आहे. चार सिलिंडर, 2523 सीसी. बोअर 88.9 मिलिमीटर, स्ट्रोक 101.6. मिलिमीटरमध्ये वेडीवाकडी दिसणारी ही मापं इंचांत साडेतीन आणि चार अशी नेटकी बसतात, त्यावरूनच या रचनेचं वय कळतं. स्ट्रोक बोअरपेक्षा लांब, त्यामुळे इंजिन फार फिरत नाही पण कमी फेऱ्यांतच ओढ देतं. भरलेली गाडी चिखलातून दुसऱ्या गिअरमध्ये निघते, ती याच ओढीवर.

पिकअपची क्षमता कायद्यालाही बांधलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. त्यामुळे कितीतरी पिकअपच्या आरसी बुकात हे वजन तीन टनांच्या किंचित आत ठेवलेलं दिसेल. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की मालासाठी सव्वा-दीड टन उरतो. प्रत्यक्षात दोन टनांच्या पुढे भरलेल्या गाड्या वजनकाट्यावर रोज चढतात. जुनी गाडी बघायला गेल्यावर आपण खरं तर हाच जादा भार शोधत असतो.

बैल घेताना दात बघतात, तसे पिकअप घेताना आधी मागचे पाटे बघावेत. रिकाम्या गाडीच्या पाट्यांना चांगला बाक हवा. ते सपाट झाले असतील किंवा उलटे वाकले असतील, तर गाडीने वर्षानुवर्षं झेपेल त्याहून जास्त वाहिलं आहे. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा नवा आणि जाड दिसला, तर मालकाने जादा पाटा टाकून आणखी भार घ्यायची सोय केली होती. याची किंमत पाटे मोजत नाहीत, चासी मोजते. पाट्याचं शॅकल जिथे चासीला धरलेलं असतं तिथे, आणि केबिन संपून हौदा सुरू होतो त्या जागी, टॉर्च घेऊन खाली झोपून बघा. रिव्हेटभोवती गंजाची लालसर रेघ म्हणजे रिव्हेट सैल आहे. वेल्डिंग करून पट्टी मारलेली असेल तर तडा आधीच गेलेला आहे. नव्या काळ्या रंगाने चासी चोपडलेली असेल तर मी तरी ती गाडी सोडून देईन, मग इंजिन कितीही गोड चालो. इंजिन पुन्हा बांधता येतं. चासी वाकली किंवा चिरली की गाडी एका बाजूला ओढते, टायर खाते, आणि कोणत्याही मेस्त्रीच्या हाताला पुरती दाद देत नाही.

आधी गाडीत काय भरलं जायचं, हेही आडून विचारून घ्यावं. वाळूची गाडी नकोच. कोकणातून आलेली मासळीची गाडी दिसायला कितीही टकाटक असो, बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीत झिरपलेलं असतं. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीचा पत्राही आतून खाल्लेला निघतो. हौद्याची जमीन हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकावी. जिथे आवाज बोदा येतो तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. दुधाच्या कॅनची किंवा बेकरीची गाडी मिळाली तर उत्तम. ती रोज पळालेली असते, पण मोडलेली नसते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावं. बॉनेटला हात लावून ते आधीच तापवून ठेवलेलं नाही ना, हे पाहावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. पांढरा धूर सकाळच्या गारव्यात थोडा चालतो, पण गाडी तापल्यावरही थांबला नाही तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मग चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढावं. तिथून धूर जोरात भकभकत असेल तर रिंगा गेल्या. एवढं पाहिलं की किलोमीटरच्या आकड्याकडे बघायची फारशी गरज उरत नाही.

आता माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट, पंप आणि नोझल. जुन्या डीआय गाडीचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. मेस्त्री लोक अजून त्याला ‘मायको पंप’ म्हणतात. मायको म्हणजे बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, आज तिचं नाव बॉश आहे. तिचा नोझल बनवणारा कारखाना आपल्या नाशकातच आहे. तालुक्याच्या गावी पंपाचं काम करणारं एखादं छोटं दुकान असतंच. तिथला माणूस नोझल हातपंपाच्या बाकावर लावतो, दांडा दाबतो आणि तोंडातून फवारा कसा सुटतो ते बघतो. धुक्यासारखा बारीक, एकसारखा फवारा सुटून कडेला थेंब लोंबला नाही, तर नोझल चांगलं. टिपकत असेल तर ते डिझेल अर्धवट जळणार, गाडी काळा धूर टाकणार आणि पिस्टनचा माथा खराब करणार. कान, डोळा आणि दाबमापकाचा काटा यांवर चाललेली ही विद्या त्या दुकानांतल्या मुलांनी उस्तादाशेजारी उभं राहून मिळवलेली आहे. तिला कुठलं प्रमाणपत्र नाही, आणि असायला हवं होतं.

इंजिन खोलायची वेळ आली तर तेही तालुक्यातच होतं. हेड उतरतं, व्हॉल्व्ह घासले जातात, लाईनर-पिस्टन-रिंगांचा संच बदलतो. क्रँक झिजलेली असेल तर ती लेथवाल्याकडे जाते; तो ती पाव मिलिमीटरने घासतो आणि त्या मापाच्या बेअरिंगा बसतात. सुटे भाग नाशिक-पुण्यात सहज मिळतात, आणि जुना पण अस्सल भाग हवा असेल तर लोक थेट कुर्ल्याला जातात.

नंतरच्या पिकअपना कॉमन रेल आली. डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे गेला, नियंत्रण सेन्सर आणि संगणकाकडे गेलं. गाडी कमी धूर टाकते, ओढते जास्त, आणि गावांच्या हवेसाठी हा बदल व्हायलाच हवा होता. पण भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल तिला सोसत नाही, आणि इंजेक्टर गेला की खर्च मोठा. त्यामुळे जवळ स्कॅनरवाला मेस्त्री असेल तरच कॉमन रेलची जुनी गाडी घ्यावी. नसेल तर शहाण्या माणसाने अजूनही चांगल्या चासीची यांत्रिक पंपाची गाडीच शोधावी.

कागदांत लोक फसतात ते घाईने. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35 आधी हातात घ्यावा, मगच पैसे. मालगाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. ते चुकलेलं असेल तर दंडाचा हिशेब किमतीतून वजा करावा. आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. आणि गाडी नावावर झालीच पाहिजे. फॉर्म 29 आणि 30 नुसते सह्या करून डॅशबोर्डमध्ये पडून राहतात, गाडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, मग त्याने गाडी कधीच विकलेली का असेना. विकणाऱ्याने हे घेणाऱ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवावं.

गाडी घरी आली की रंगकाम, स्टिकर आणि म्युझिक सिस्टिमचा मोह सगळ्यांना होतो. पहिला पैसा ब्रेकवर घालावा: मागचे लायनर, व्हील सिलिंडर, रबरी होज आणि जुनं ब्रेक ऑइल. मग चारी बाजूंनी तपासून मागचे टायर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, आणि रिंगांचं काम झालं असेल तर पहिलं ऑइल लवकर बदलणं. आणि फाळक्याच्या दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावून घ्यावेत, कारण बाजाराला निघायची वेळ अंधाराची असते.