मिथेन : अल्प मुदतीचे, पण जड व्याजाचे कर्ज

व्यापारी कुटुंबात एक धडा लहानपणीच गिरवला जातो. देणी अनेक असतील, तर ज्याचे व्याज सर्वांत जड, ते आधी फेडावे. बँकेतील पस्तीस वर्षांच्या सेवेत मीही कर्जदारांना हाच सल्ला देत आलो. निवृत्तीनंतर हवामानबदलाविषयी सवडीने वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की पृथ्वीच्या खात्यावरही असे एक जड व्याजाचे कर्ज आहे आणि त्याच्या फेडीकडे आपले फारसे लक्ष नाही. त्या कर्जाचे नाव मिथेन.

इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या दलदलीतून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि हा ज्वलनशील वायू जगापुढे आणला. त्याला रंग नाही, गंध नाही. जेथे सेंद्रिय पदार्थ हवेवाचून कुजतो, तेथे सूक्ष्मजीव तो निर्माण करतात. दलदल, पाणी साचलेले भातखाचर, गाई-म्हशींचे पोट, कचऱ्याच्या ढिगाचा गाभा ही त्याची जन्मस्थाने. कोळशाच्या खाणी आणि तेल-वायूच्या विहिरी यांतूनही तो निसटतो. आपल्या स्वयंपाकघरात नळीने येणारा वायू आणि वाहनांतील सीएनजी हेही प्रामुख्याने मिथेनच.

आता व्याजाचा हिशेब पाहू. कार्बन डायऑक्साइड हे दीर्घ मुदतीचे कर्ज आहे. त्याचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. मिथेन सरासरी बारा वर्षांत नाहीसा होतो. परंतु वीस वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो ऐंशी पटींहून अधिक उष्णता रोखतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तरी हे प्रमाण सत्तावीस ते तीस पटींच्या घरात येते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे सुमारे ७३० रेणू होते. आज ते १९०० च्या पुढे गेले आहेत. आजवर झालेल्या तापमानवाढीपैकी सुमारे अर्धा अंश सेल्सिअस वाढ मिथेनमुळे झाल्याचे शास्त्रज्ञ सांगतात.

या हिशेबात आशेची एक बाजूही आहे. कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन आज थांबले, तरी साचलेले मुद्दल हटत नाही. मिथेनचे उत्सर्जन घटवले, तर जुना मिथेन विरत जातो आणि त्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसू शकतो. म्हणून दुसरे कर्ज विसरावे असे मुळीच नाही. फेडीचा क्रम मात्र यातून कळतो.

मानवनिर्मित मिथेनपैकी सुमारे चाळीस टक्के शेती व पशुपालनातून, पस्तीस टक्के खनिज इंधनांतून आणि वीस टक्के कचरा व सांडपाण्यातून येतो. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अनेक राष्ट्रांनी २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जागतिक मिथेन उत्सर्जन तीस टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. भारत तीत सामील झाला नाही. आपल्याकडे गुरे आणि भात हा लहान शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण शहरातील कचऱ्याबाबत ही सबब आपल्यापाशी नाही.

येथे स्वतःची एक चूक नोंदवतो. १९८० च्या दशकात मी एका ग्रामीण शाखेत होतो. गोबर गॅस संयंत्रांना अनुदान व कर्ज देण्याची योजना होती. शेणातील मिथेन जाळला की त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, चूल धुरावाचून पेटते आणि उरलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. मी बरीच प्रकरणे मंजूर केली. अनुदान जमा झाले, हप्ते आले, खाती नियमित बंद झाली. काही वर्षांनी एका लग्नानिमित्त त्याच गावी जाणे झाले. एका जुन्या कर्जदाराच्या परसात संयंत्राचा घुमट तडकलेला होता आणि खड्डा पालापाचोळ्याने भरला होता. घरातील माउली लाकडाच्या चुलीपुढे खोकत होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, कर्ज फिटलं, धूर काही फिटला नाही.” संयंत्र चालू आहे की नाही, हे लिहिण्यास माझ्या तपासणी-पत्रकात रकाना नव्हता आणि मीही तो कधी आखला नाही. तडकलेला घुमट म्हणजे गळका वायू, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मुंबईचे देवनार हे असेच मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण. १९२७ पासून तेथे शहराचा कचरा साचत आला. जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. ढिगात कोंडलेला मिथेन अशा आगींना इंधन पुरवतो. उलट उदाहरण इंदूरचे. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. त्यातील वायू शुद्ध करून त्यावर शहराच्या बस चालतात. यंत्रे तर विकत मिळतात. पण इंदूरच्या यशाचे मूळ घराघरांत वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्यात आहे.

मग आपल्या समाजाने काय करावे? विवाहात, पारण्यात आणि स्वामीवात्सल्यात किती अन्न उरले, याची नोंद ठेवावी. उरलेले वेळेत वाटावे आणि जे टाकावेच लागेल, ते प्लास्टिकच्या पत्रावळींत मिसळू देऊ नये. आपण शाकाहारी असलो, तरी दूध-तूप आपल्या ताटात आहे, तेव्हा गुरांच्या मिथेनमध्ये आपलाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मानावे. पांजरापोळीला देणगी देताना ओल्या शेणाची विल्हेवाट कशी होते, संयंत्र असल्यास ते चालू आहे का आणि त्याच्या दुरुस्तीची तरतूद कोणती, हे विचारावे. नव्या संयंत्राच्या कोनशिलेवर नाव कोरण्यास दाते पुष्कळ मिळतात. जुन्याचा तडा बुजवण्यास एखादा पुढे आला, तर त्याचे पुण्य कमी नाही.

दिवाळीत आपण चोपडीपूजन करून नवी वही उघडतो. यंदा तिच्यात एक रकाना जादा आखावा. मी माझ्या पत्रकात जो आखला नाही, तोच.